भोपळ्यात म्हातारी आहे

अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी लावण्याचा मान आमच्या घरात पुरुषांचा. बाईने तो चिरायचा नसतो. का, ते आईलाही सांगता येत नाही, पण तिच्या सासूने तिला कधी चिरू दिला नाही, एवढं कारण तिला पुरतं. म्हणून ३१ ऑक्टोबर २०२४ च्या दुपारी, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, मागच्या डेकवर कागद अंथरून मी एका पंधरा डॉलरच्या भोपळ्यासमोर मांडी घालून बसलो होतो. (पंधरा डॉलर म्हणजे साडेबाराशे रुपये. हा हिशेब आईने दुकानात उभ्याउभ्या केला होता, आणि सातारा, सांगली व डोंबिवली इथल्या तिन्ही मावश्यांना तो रात्रीपर्यंत पोचलाही होता.)

सुरी टेकवली आणि मनूने किंकाळी फोडली.

"बाबा, कापू नको! आत म्हातारी आहे!"

मनू साडेतीन वर्षांची. हे तिचं कळतं असं पहिलंच हॅलोविन. शेजारच्या अंगणात गुडघाभर सांगाडे रोवलेत, समोरच्या झाडाला कवटी लटकतेय, त्याचं तिला काही नाही. सांगाड्याशी ती हस्तांदोलन करून आली होती. पण भोपळा म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत निघालेली म्हातारी आणि वाटेत टपून बसलेला वाघ. ही गोष्ट आईने तिला व्हिडिओ कॉलवर दोन वर्षं रोज सांगितली आहे, आणि इथे आल्यापासून जेवताना, आंघोळीला, झोपताना अशी दिवसातून तीनदा. त्यामुळे मी आत्ता एका वृद्धेचा खून करायला बसलो होतो.

"सांग ना तिला काहीतरी," मी आईला म्हणालो.

"मी कशाला सांगू? भोपळ्यात सुरी खुपसून त्याला तोंड काढायचं ही माझी कल्पना आहे का?"

खरं तर आई सकाळपासूनच फुरंगटलेली होती. त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते. पहाटे पाचला उटणं, अभ्यंगस्नान, फराळ सगळं साग्रसंगीत. फक्त कारीट मिळालं नाही, म्हणून लोणच्याची बुटकी काकडी आणली. ती मनूच्या डाव्या अंगठ्याखाली फुटायचं सोडून घरंगळत फ्रिजखाली गेली. नरकासुर अजून तिथेच असावा. "सकाळी राक्षस मारायचा आणि संध्याकाळी राक्षसाचे कपडे घालून गोळ्या मागत हिंडायचं?" हा आईचा प्रश्न बिनतोड होता. त्यात, दिवाळीसाठी दोन दिवस खपून तिने घरातली जळमटं काढली होती, आणि तिसऱ्या दिवशी बायकोने दुकानातून पाकीटबंद जळमटं विकत आणून दारावर पसरली. आईने तीही काढली. "परत झाली होती गं," म्हणाली.

मी तिला शांतपणे समजावलं होतं. या रात्री मेलेली माणसं परत येतात अशी जुनी समजूत, आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं इकडे आली, त्यांना इथे भोपळा सापडला, तो मोठा आणि कोरायला सोपा. 'सोपा' हा शब्द ज्याने वापरला त्याने कधी भोपळा कोरलेला नाही, हे मला पुढे कळायचं होतं. आईने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पितृपक्षच की," ती म्हणाली. "पण पितरांना वाढायचं सोडून हे स्वतःच पितर होऊन दारोदार मागतात?"

शेवटी तोडगा बायकोने काढला. भोपळ्याचं फक्त झाकण कापायचं, हळूच, आणि म्हातारीला विचारायचं. मनूने आधी टकटक केलं. उत्तर आलं नाही. मी देठाभोवती गोल सुरी फिरवली, झाकण उचललं, मनूने डोकं आत घातलं. बराच वेळ डोकं आतच. मग केसांना धागे आणि नाकाला एक बी चिकटवून ती बाहेर आली.

"नाहीये. कुठे गेली?"

आम्ही तिघंही गप्प. एवढा पुढचा विचार कुणीच केला नव्हता. मनूने स्वतःच केला. "मीच आहे म्हातारी," ती म्हणाली आणि आत पळाली.

अशा रीतीने तीस डॉलरचा वाघाचा पोशाख, कान, शेपूट आणि पंज्यांसकट, बाद झाला. पाच मिनिटांनी मनू आईची शाल, आईचा चष्मा आणि उलथन्याची काठी घेऊन कमरेत वाकून उभी. एका अर्थी बरंच झालं. त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता आणि ३१ तारखेला चक्क उकडत होतं, त्या केसाळ वाघात पोर उकडून निघाली असती. पण तीस डॉलर तीस डॉलर असतात. वाघाची टोपी कुणीतरी घालायलाच हवी होती. ती माझ्या डोक्यावर, चार वर्षांच्या मुलाच्या मापाची, कानांच्या वर येऊन थांबली.

तोवर मी भोपळ्याला चेहराही दिला होता. डोळे जमले. दातांपैकी एक दात मोडला, मग तो दिसू नये म्हणून शेजारचा काढला, मग एकूण समतोल साधेपर्यंत कवळी विसरून लग्नाला आलेल्या काकांसारखं तोंड झालं. आतला गर आईने टाकू दिला नाही. अन्न आहे ते, म्हणत त्याचे घारगे केले. कोरायचे भोपळे पाणचट असतात. अर्धा डबा गूळ घालूनही घारगे गोडाला काही केल्या येईनात, आणि ते आम्ही पुढे चार दिवस खाल्ले.

सहा वाजता निघालो. पहिल्या घरी एक म्हातारे गृहस्थ दारातच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी कौतुकाने विचारलं, तू कोण? मनूला 'ट्रिक ऑर ट्रीट' आठवडाभर घोकून पाठ झालं होतं. तिने काठी टेकली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "मी लेकीकडे चालले."

गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी इंग्रजीत सांगितलं की ही एक म्हातारी आहे, मुलीकडे निघाली आहे, येताना भोपळ्यात बसून येते.

"ओह, सिंड्रेला!"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुढच्या अकरा घरी मी आपणहून 'सिंड्रेलाची आजी' सांगत गेलो आणि लोक समाधानाने माना डोलावत गेले. तसा मी जवळ नव्हतोच. मी वाघ असल्याने मला फुटपाथवर लांब उभं राहायचा हुकूम होता. म्हातारी पुढे, चष्म्यातून काही दिसत नसल्यामुळे झुडपांना धडकत, आणि मागे दहा पावलांवर कानटोपीचा वाघ, ओरडतोय, "मनू, पायरी! पायरी!"

परत आलो तर घरासमोर रांग. डायनासोर, परी, दोन स्पायडरमॅन. आणि दारात आई, रांगोळीपलीकडे उभी राहून, हळदीकुंकवाची ओटी भरावी तशी ओंजळ-ओंजळ भरून चॉकलेटं देत होती. माणशी एक द्यायचं असतं हे बायकोने सांगितलेलं तिला कंजूषपणाचं वाटलं होतं. दोन पिशव्या अर्ध्या तासात संपल्या. नंतर तिने चकल्या काढल्या, त्या बायकोने अडवल्या. इथे अनोळखी घरचं, उघडं काही मुलांना देत नाहीत म्हणाली.

"माझी चकली काय विषारी आहे?"

"आई, तसं नाही हो. दिवा बंद करूया. बाहेरचा दिवा बंद असला की कुणी येत नाही, तशी पद्धत आहे."

आता आई ज्या स्वरात बोलली तो मी शाळेचं प्रगतिपुस्तक लपवलं होतं तेव्हा शेवटचा ऐकला होता. "दिवाळीच्या दिवशी दारातला दिवा विझवायचा? मी जिवंत असताना?"

दिवा राहिला. आकाशकंदील राहिला, पणत्या राहिल्या, दात पडलेला भोपळाही आतून पेटलेला. अख्ख्या गल्लीत सगळ्यात उजळलेलं घर आमचं, आणि घरात गोळी एक नाही. भुतं येतच राहिली. मी मनूच्या बादलीकडे पाहिलं. मनूने माझ्याकडे. मला वाटलं, आता रडारड. पण ती उंबऱ्यात फतकल मारून बसली आणि एकेक भुताला बादलीतून एकेक गोळी द्यायला लागली, वर प्रत्येकाला सांगत होती, "मला खाऊ नको हं. हे खा." शेवटच्या डायनासोरच्या वाट्याला तिने स्वतः चाटून बघितलेलं लॉलिपॉप आलं. ते मी वेळीच परत घेतलं.

तीन-चार दिवसांत भोपळा उन्हाने बसला. खारींनी एक डोळा मोठा केला. मी तो टाकायला उचलला तर मनू आडवी आली. तो टाकला तर आजी कशातून जाणार? आजी म्हणजेच ती म्हातारी, लेकाकडे आलेली, आणि तिचं परतीचं तिकीट डिसेंबरचं होतं.

दुकानात तोवर राहिलेले भोपळे तीन डॉलरला निघाले होते. एक मोठा आणला, न कापता गॅरेजमध्ये ठेवला. मनूने आईला हात धरून नेऊन दाखवला. आईने भोपळ्याभोवती एक फेरी मारली, वर हात ठेवून पाहिला.

"येताना विमानात होती त्यापेक्षा पाय पसरायला जागा बरी आहे," ती म्हणाली.