कोडिंग स्पर्धेला कोणी फिरकू नये म्हणून

कॉलेजात प्रोग्रॅमिंगची स्पर्धा भरवताय ना? मग आधी पोस्टर. वेळ, जागा, कोणत्या भाषा चालतील ही किरकोळ माहिती. खरा मजकूर म्हणजे मान्यवर. अध्यक्षांपासून समन्वयकांपर्यंत गोल चौकटीतल्या नऊ मुद्रा वरच्या अर्ध्या भागात बसवा. त्यांचा क्रम चुकला तर पोस्टर पुन्हा करावं लागतं. तारीख चुकली तर ग्रुपवर दुरुस्ती टाकता येते.

३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) ए-थ्री पोस्टरला ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साध्या दर्जात फोटो म्हणून पाठवलं की लांब बाजू साधारण १६०० वर येते. छपाईला हाच फोटो द्या. डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याचा चोंबडेपणा करणारा कुणी कमिटीत असेलच. त्याला जेवणाच्या कूपनांवर बसवा.

क्यूआर कोडवर मात्र मेहनत घ्या. त्याच्या चारही बाजूंना चार ठिपक्यांएवढी कोरी जागा लागते, नाहीतर कोड कुठे संपतो ते कॅमेऱ्याला कळत नाही. बरोबर तिथेच प्रायोजक सँडविचवाल्याचा लोगो चिकटवा. थीम काळी, म्हणून कोडही काळ्यावर पांढरा. काही स्कॅनर असा उलटा कोड वाचतच नाहीत. लिंक लहान करू नका, लांब लिंकने ठिपके बारीक होतात. ढोबळ हिशेब असा की रुंदीच्या दहापट अंतरावरून कोड वाचता येतो. म्हणजे दीड सेंटीमीटरचा कोड पंधरा सेंटीमीटरवरून. आता पोस्टर नोटीस बोर्डाच्या काचेआड, सगळ्यात वरच्या रांगेत लावा.

तरीही स्टूल घेऊन एखादा चढलाच, तर गूगल फॉर्म आहे. तो कॉलेजच्या अकाउंटवरून बनवा आणि ‘फक्त संस्थेतल्यांसाठी’ ही खूण तशीच राहू द्या. बाहेरच्या मुलांना फॉर्म उघडणार नाही, आणि ते अडलेत हे तुमच्या शीटमध्ये कुठेच दिसणार नाही. पोस्टरवर ‘आंतरमहाविद्यालयीन’ ठळक हवं, हे सांगायला नकोच.

‘आयसीपीसी पद्धतीने’ असंही लिहा. आयसीपीसी म्हणजे कॉलेजांची आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग स्पर्धा. तिथे तिघांचा संघ, एक कॉम्प्युटर, पाच तास. तुमच्याकडे एकेकट्याने दीड तास, त्यातला पाऊण दीपप्रज्वलनाला.

तारीख सबमिशनच्या आठवड्यातली. ज्यांना खरंच कोडिंग येतं ती पोरं तेव्हा जर्नलवर सह्या घेत फिरत असतात.

हॉल रिकामा दिसेल? छे. सर्टिफिकेट आणि अटेंडन्स जाहीर करा. आमिषाची ताकद हॅक्टोबरफेस्टने, म्हणजे ऑक्टोबरभर चालणाऱ्या ओपन सोर्स उपक्रमाने, दाखवलीच आहे: २०२० मध्ये चार पुल रिक्वेस्टवर (दुसऱ्याच्या प्रकल्पात ‘माझा हा बदल घ्या’ अशी विनंती) टी-शर्ट म्हटल्याबरोबर लोकांनी परक्या प्रकल्पांच्या रीडमीत, म्हणजे माहितीपत्रकात, एखादं विशेषण घुसवून रिक्वेस्टा पाठवल्या. प्रकल्प सांभाळणारे इतके कावले, की महिना संपायच्या आत नियम बदलून, ज्या प्रकल्पांची तयारी असेल तेवढेच धरायचे ठरले. तुमच्याकडे एवढं व्हायचं नाही. सेकंड इयर येईल, सेल्फी काढेल, सही करेल.

राहिलं वायफाय. साठ लॅपटॉप एकाच पब्लिक आयपीवरून (इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून) बाहेर पडतात, एकदम लॉगिन करतात, आणि समोरची स्पर्धेची साइट त्यांना बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, समजून अडवू शकते. आधी रंगीत तालीम घेऊन ही मजा घालवू नका. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला फक्त सांगून ठेवा: साइट उघडेपर्यंत आभारप्रदर्शन उरकून घे.