करांदा म्हणजे प्रोजेस्टेरॉनची गोळी नव्हे

दिवाळीनंतर अलिबागच्या बाजारात करांद्यांचे, म्हणजे उकडून खायच्या कंदांचे, वाटे लागतात. यंदा त्यांच्या जोडीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय: ‘करांद्यात नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन असतं. कंपन्या गर्भनिरोधक गोळ्या याच्यापासूनच बनवतात. रोज चमचाभर पूड घ्या, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा. निसर्गाचं आहे, अपाय नाही.’ माझ्या चुलतवहिनीने तो वाचून एक गोळी बंद केली, म्हणून लिहायला बसले.

प्रोजेस्टेरॉन हे बाईच्या शरीरात तयार होणारं संप्रेरक (हार्मोन). करांद्याच्या कुळातल्या काही कंदांत डायोस्जेनिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा सांगाडा प्रोजेस्टेरॉनशी जुळतो, पण ते प्रोजेस्टेरॉन नव्हे. डायोस्जेनिनमध्ये कार्बनचे 27 अणू, प्रोजेस्टेरॉनमध्ये 21. ती जास्तीची शेपटी तोडावी लागते.

गोळ्यांची गोष्ट अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच लोक फसतात. रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने 1940च्या दशकात मेक्सिकोतल्या रानकंदातून डायोस्जेनिन काढलं आणि त्याचं प्रोजेस्टेरॉन केलं. त्यासाठी त्याला अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइडमध्ये सुमारे 200 अंशांवर तापवणं, मग क्रोमिक आम्लाची प्रक्रिया, असे एकामागून एक टप्पे करावे लागले. पुढे 1951 मध्ये मेक्सिको सिटीत नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांत वापरलेलं प्रोजेस्टेरॉनसारखं द्रव्य, तयार झालं, तेही याच वाटेने. हे सगळं काचेच्या भांड्यांत झालं. आपल्या शरीरात डायोस्जेनिनचं प्रोजेस्टेरॉन करणारं विकरच (एन्झाइम) नाही. पूड चमचाभर घ्या नाहीतर वाटीभर, ते घडत नाही. शिवाय मेक्सिकोतला तो कंद वेगळ्या जातीचा, आपला करांदा वेगळा.

ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्त 23 स्त्रियांवर रानकंदाच्या मलमाची चाचणी झाली, तिचा अहवाल 2001 मध्ये आला. प्रत्येकीला तीन महिने खरं मलम, तीन महिने कंद नसलेलं नुसतं मलम. अंगातून गरम वाफा येणं दोन्हींत सारखंच, रक्तातलं प्रोजेस्टेरॉनही तसंच.

‘अपाय नाही’ हे तर साफ खोटं. कडू करांदे आपल्या आज्या उकडून, पाणी ओतून टाकून मगच ताटात वाढायच्या, ते काही उगाच नाही. त्यांत डायोस्बल्बिन नावाचं द्रव्य असतं आणि ते यकृताला घातक ठरतं. कच्च्या करांद्याची पूड रोज घेणं म्हणजे आज्यांनी टाकलेलं तेच पोटात घालणं.

पण मला खरी भीती वाटली ती वहिनीसाठी. तिला डॉक्टरांनी दोन संप्रेरकांची औषधं दिली होती, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. तिने इस्ट्रोजेन चालू ठेवलं आणि प्रोजेस्टेरॉनच्या जागी पूड घेतली. गर्भाशय असलेल्या बाईने नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर आतलं अस्तर वाढत राहतं, त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो. प्रोजेस्टेरॉन ते अस्तर आवरतं. पूड आवरत नाही.

बायांनो, करांदे मीठ घालून उकडा, पाणी ओतून टाका, मग पोटभर खा. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल गेलं, तर लाजू नका, थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवून या.