मुक्त पतन पडद्यावर दाखवण्याआधी मोजून घ्या

दहावीचा ‘गुरुत्वाकर्षण’ धडा शिकवण्याबद्दलच्या एका लेखात मुक्त पतनासाठी फक्त सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरची नक्कल, सुचवलं आहे. पण तिथे g (गुरुत्व त्वरण) आधीच 9.8 मी/से² भरलेला असतो, मुलांच्या हाती शोधायला काही उरत नाही. त्यापेक्षा जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप घ्या. त्यातलं अकौस्टिक स्टॉपवॉच फक्त मायक्रोफोनवर चालतं, त्यामुळे स्वस्त फोनही पुरतो.

टेबलाच्या कडेबाहेर निघालेल्या लाकडी पट्टीच्या टोकावर जड नट ठेवा, खाली स्टीलचं ताट. दुसऱ्या नटाने पट्टीला बाजूने टणकन फटका मारला की घड्याळ सुरू, नट ताटात पडला की बंद. 1 मीटरसाठी साधारण 0.45 सेकंद यायला हवेत; मग g = 2h/t² (h म्हणजे उंची, t म्हणजे वेळ).

वेळ 0.1 च्या आसपासच थांबली, तर फटक्याचा प्रतिध्वनी पकडला गेलाय. ॲपमधला किमान विलंब (घड्याळ सुरू झाल्यावर इतका वेळ दुसरा आवाज धरला जात नाही) 0.3 सेकंद करा. वर्गातला पंखा बंदच हवा, नाहीतर थ्रेशोल्ड (घड्याळ चालू-बंद व्हायला लागणारी आवाजाची किमान पातळी) वाढवावा लागतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, फोन ताटाशेजारी ठेवू नका! सुरुवातीचा आवाज 3 मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि g 9.9 च्या वर जातो. दोन्ही आवाजांपासून सारख्या अंतरावर, स्टुलावर ठेवा. हा फरक मुलांना आधी सांगू नका, दोन्ही जागी मोजायला लावा.