एकही डाव राखून न ठेवलेला वस्ताद

परवा रात्री जेवताना मोबाइलवर आर्सेनल–वेस्ट हॅमच्या जुन्या मॅचचे हायलाइट्स लावले होते. २०२२ च्या नाताळानंतरची, २६ डिसेंबरची मॅच. मध्येच कॅमेरा वरच्या बॉक्सकडे गेला आणि पांढऱ्या केसांचा, काठीसारखा सरळ एक माणूस दिसला. आमचा सतरा वर्षांचा भाचा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मामा, ह्यो ऑफसाइडवाला म्हातारा न्हवं?"

माझा घास हातातच राहिला.

त्याचं चुकलं नाही. आजच्या पोरांना आर्सेन वेंगर माहीत आहे तो फिफाचा अधिकारी म्हणून. स्ट्रायकर बचावपटूच्या पूर्ण पुढे गेला असेल तरच ऑफसाइड द्या, असा प्रस्ताव घेऊन फिरणारा. पण लंडनच्या आर्सेनल क्लबचा बावीस वर्षं मॅनेजर असलेल्या ज्या माणसापायी मी आयुष्यातल्या निम्म्या शनिवार-रविवारच्या रात्री घालवल्या, ज्याच्यावरून जिवलग मित्राशी तीन महिने अबोला धरला, त्याची ओळख 'ऑफसाइडवाला म्हातारा' एवढीच राहावी? भाच्याला जे सांगितलं ते अर्धवट राहिलं. बाकीचं इथं लिहितो. लांबेल. (आणि सगळीकडे अरेतुरे करतोय. आपल्या माणसाला 'अहो' कोण म्हणतं?)

मी कोल्हापूरचा. इथं फुटबॉल टीव्हीवरून शिकावा लागत नाही. पाटाकडील विरुद्ध दिलबहार मॅच असली की शाहू स्टेडियमवर जागा धरायला दुपारीच जावं लागतं, आणि पेठ कुठली यावर टीम ठरते, आवडीवर नाही. युरोपातली टीम मात्र आपली आपण निवडायची असते, म्हणून ती चूकही आपलीच असते. मी निवडली २००३-०४ मध्ये. कॉलेजात होतो. ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्सवर आर्सेनलचा थिएरी ऑन्री डाव्या बाजूनं आत यायचा आणि लांबच्या पोस्टकडे असा बॉल सरकवायचा, जणू कुणाला पाणी वाढतोय. त्या सीझनला आर्सेनल इंग्लिश लीगच्या ३८ मॅचमध्ये एकही हरली नाही. २६ जिंकल्या, १२ बरोबरीत. पुढच्या ऑक्टोबरात मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर २-० नं हरेपर्यंत लीगमध्ये सलग ४९ मॅच अजिंक्य. यावर सगळ्यांनी सगळं लिहून झालंय, मी जास्त वेळ घेत नाही.

त्याच्या आधीचं मात्र सांगायला हवं, कारण माझा मुद्दा तिथून सुरू होतो.

१९९६ मध्ये वेंगर जपानच्या नागोया ग्रँपस एट क्लबमधून लंडनला आला, तेव्हा तिथल्या एका पेपरनं मथळा दिला होता, 'आर्सेन कोण?' इंग्लंडमधले फुटबॉलर तेव्हा मॅचनंतर बिअरवर ताव मारायचे. आर्सेनलचा कॅप्टन टोनी अ‍ॅडम्स यानं आपण दारूच्या आहारी गेल्याचं नुकतंच जाहीर केलं होतं. या लोकांच्या ताटात वेंगरनं उकडलेलं चिकन आणि वाफवलेल्या भाज्या वाढल्या आणि मार्स चॉकलेट बंद केलं. पहिल्याच मॅचच्या प्रवासात बसमध्ये मागच्या सीटवरून खेळाडू सुरात ओरडत होते, आमचं मार्स परत द्या म्हणून. दीड वर्षात त्याच टीमनं लीग आणि एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा), दोन्ही उचलले.

पॅरिसमधून निकोलस अनेल्का नावाचं पोरगं पाचेक लाख पौंडांत आणलं आणि दोन-अडीच वर्षांत रिअल माद्रिदला दोन कोटींहून जास्त पौंडांना विकलं. त्या पैशातून लंडन कोल्नीचं ट्रेनिंग सेंटर उभं राहिलं, आणि युव्हेंटसमध्ये विंगवर कुजत पडलेल्या ऑन्रीला आणून स्ट्रायकर केलं. असा हिशेब आमच्या गुळाच्या बाजारातल्या मुरलेल्या अडत्यालाही जमला नसता.

आमच्याकडे तालमीत म्हणतात, वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. उद्या पठ्ठ्याच उलटला तर उपयोगी पडावा म्हणून. वेंगरनं एकही राखला नाही. आहार, व्यायाम, फ्रान्स-आफ्रिकेतून हेरून आणलेली पोरं, जे जे त्याच्याजवळ होतं ते सगळं त्यानं उघड्यावर केलं आणि दहा वर्षांत सगळ्या इंग्लंडनं ते उचललं. २००३ मध्ये चेल्सीला रशियन मालक मिळाला, २००८ मध्ये मँचेस्टर सिटीला अबू धाबीचा. आता त्यांच्याकडे वेंगरचे सगळे डाव होते आणि वर पैसाही. वेंगरकडे उरला होता फक्त हट्ट.

लोक सरसकट म्हणतात, पहिली दहा वर्षं सोन्याची, पुढची बारा मातीची. वेंगरभक्त म्हणतात, स्टेडियमच्या कर्जानं मारलं. वेंगरविरोधक म्हणतात, म्हातारा हेकेखोर होता. मला दोघांचंही पटत नाही. मी त्याच्या बावीस वर्षांचे तीन तुकडे करतो, आणि त्यातला मधला माझ्या लेखी सगळ्यात मोठा आहे. हे वाचून निम्मे लोक अनफॉलो करतील, करा.

मधला म्हणजे २००६ ते २०१३. हायबरी हे ३८ हजारांचं जुनं मैदान सोडून क्लब ६० हजारांच्या एमिरेट्सवर गेला. खर्च सुमारे ३९ कोटी पौंड. वेंगरनं नंतर सांगितलं की कर्ज द्यायचं तर तुम्ही पाच वर्षांचा करार करा, अशी बँकांची अटच होती. म्हणजे तारण म्हणून मैदान नव्हतं, हा माणूस होता! २००७ मध्ये डेव्हिड डीन क्लब सोडून गेला. वेंगरला लंडनला आणणारा, त्याच्या वतीनं बोर्डात भांडणारा आणि खेळाडू मिळवून देणारा तो एकच. त्याच वर्षी ऑन्री बार्सिलोनाला. २०११ मध्ये फाब्रेगास बार्सिलोनाला आणि नासरी सिटीला. २०१२ मध्ये कॅप्टन व्हॅन पर्सी २ कोटी ४० लाख पौंडांना थेट मँचेस्टर युनायटेडला, आणि जाऊन त्यानं त्यांना पहिल्याच वर्षी लीग जिंकून दिली. घरातली दुभती म्हैस विकून हप्ता भरायचा आणि त्याच महिन्यात डेअरीला दूधही तेवढंच घालायचं, असं सात वर्षं चाललं. तरी टीम दर वर्षी पहिल्या चारात. १९९७ पासून २०१६ पर्यंत सलग वीस सीझन. शेजारचा वैरी क्लब टॉटनहॅम, ती टीम त्या वीस वर्षांत एकदाही वर गेली नाही.

आणि २००८ मध्ये ती लीग जवळजवळ आलीच होती. फेब्रुवारीत पाच गुणांची आघाडी. बर्मिंगहॅमला आमचा स्ट्रायकर एदुआर्दो याचा पाय मोडला. तो शॉट मी एकदाच पाहिला, पुन्हा कधी लावला नाही. शेवटी चार गुणांनी गेलं.

चौथ्या नंबरलाही (त्यावर युरोपातल्या बड्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचं तिकीट मिळायचं) करंडकासारखीच किंमत आहे, असं वेंगर म्हणाला तेव्हा मीही हसलो होतो. आता ईएमआय भरायला लागल्यावर हसू येत नाही.

पण हे शहाणपण आताचं. तेव्हाचं सांगतो. २८ ऑगस्ट २०११, रविवार. गुरुवारी गणपती. बाहेर धो धो पाऊस, सोप्यात आण्णा आणि मी मखर करत बसलेलो, माझ्या हाताला फेविकॉल आणि थर्माकोलचा भुगा, समोर टीव्हीवर ओल्ड ट्रॅफर्ड. युनायटेडचे तीन झाले तेव्हा मी म्हटलं, एक फिरवला की मॅच उलटेल. फिरवलाही, वॉलकॉटनं. मग चौथा, पाचवा, सहावा. रूनीचे तीन. सहाव्याला आई आतून म्हणाली, कुणी पडलं का रे? आण्णा आयुष्यभर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेले, त्यांनी चष्मा वर करून स्कोअर बघितला. आठ-दोन. कात्री ठेवून शांतपणे म्हणाले, "आरं, ह्यास्नी पोरं न्हाईत का खेळवाय?"

तोच तर मुद्दा होता. पोरंच होती. त्या वर्षी आमच्या मखराचा एक खांब वाकडा आला, फोटोत अजून दिसतो. वेंगरनं मात्र पुढच्या दोन-तीन दिवसांत बाजार बंद होता होता जी घाईघाईची खरेदी केली, त्यात एव्हर्टनकडून मिकेल आर्टेटा नावाचा मिडफिल्डर होता. पुढं तोच कॅप्टन झाला आणि २०१९ च्या डिसेंबरात वेंगरच्या खुर्चीत बसला.

आता तिसरा तुकडा, आणि इथं मी वेंगरला सोडणार नाही.

२०१३ पासून पैसा होता. ओझिलला ४ कोटी २५ लाख पौंड मोजले म्हणजे तिजोरीला कुलूप नव्हतं. पण सवय जात नाही. त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलच्या सुआरेझसाठी बोली लावली ४ कोटी पौंड, वर एक पौंड. आपण आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतो तसं! लिव्हरपूलवाल्यांना तो आहेर काही रुचला नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात तर आणला फक्त पेत्र चेक, म्हणजे गोलकीपर. मैदानात पळणारा एकही नाही. आणि त्याच सीझनला चेल्सी, सिटी, युनायटेड सगळे ढेपाळलेले असताना लीग जिंकली कुणी? लेस्टरनं! लेस्टर अख्ख्या सीझनमध्ये तीन मॅच हरली, त्यातल्या दोन आर्सेनलकडून. तरी आर्सेनल दहा गुण मागं, दुसरी. याला कर्ज कारण नाही, याला अबू धाबी कारण नाही. मी २००८ माफ केलं, २०११ माफ केलं. २०१६ केलेलं नाही.

चॅम्पियन्स लीगमध्ये सलग सात वर्षं पहिल्याच बाद फेरीत बाहेर. २०१७ मध्ये जर्मनीच्या बायर्नकडून दोन मॅच मिळून १०-२. रात्री सव्वा वाजता मॅच लावायची, तीनला झोपायचं आणि सकाळी ऑफिसात चेहरा लपवायचा. त्या आठवड्यात मी डीपी बदलला. काळ्यावर पांढरे दोन शब्द, 'वेंगर आऊट'. आमचा बारा जणांचा ग्रुप होता, त्याचे दोन झाले. शिवाजी पेठेतला माझा दोस्त, ज्याच्या घरी मी २००६ ची पॅरिसची फायनल बघितली होती (गोलकीपर लेमन अठराव्या मिनिटाला रेड कार्ड घेऊन बाहेर, तरी ७५ मिनिटांपर्यंत आपण एक गोलनं पुढे, आठवलं की अजून पोटात गोळा येतो), त्यानं मला एकच मेसेज टाकला, "बापाला घराबाहेर काढतोस?" आणि ग्रुप सोडला.

तिकडं वेस्ट ब्रॉमच्या मैदानावरून त्याच मार्चमध्ये दोन विमानं फिरली. एकामागं वेंगरला काढा म्हणणारा फलक, दुसऱ्यामागं वेंगरवर विश्वास आहे म्हणणारा. आपल्याकडे एकाच गल्लीत दोन मंडळांचे दोन गणपती बसतात तसलाच प्रकार. खाली टीम ३-१ नं हरत होती. पुढं तर 'वेंगर आऊट'ची पाटी झिम्बाब्वेत मुगाबेविरुद्धच्या मोर्चातही दिसली. तो फोटो बघून हसलो, आणि पहिल्यांदा जरा लाजही वाटली. आमच्या रागाचं कधी मीम झालं, आम्हालाच कळलं नव्हतं. माणूस ६८ वर्षांचा, चूक असेल, हट्टी असेल, पण हुकूमशहा?

त्या विमानांनंतर दोनच महिन्यांत वेंगरनं चेल्सीला हरवून सातवा एफए कप जिंकला. स्पर्धेच्या इतिहासात इतके कुठल्याच मॅनेजरचे नाहीत. आणि चार दिवसांत दोन वर्षांचा नवा करार. तिथं निघायला हवं होतं. फायनलच्या मैदानावरून, वेम्बलीवरून, कप हातात घेऊन. कुस्ती जिंकल्यावर लंगोट सोडावा, हे त्याला कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं आणि त्यानं ऐकलं नाही.

शेवटी त्याला आमच्या शिव्यांनी नाही घालवलं. रिकाम्या खुर्च्यांनी घालवलं. २०१८ च्या हिवाळ्यात ज्यांच्याकडे सीझनभराची तिकिटं होती ते लोकच येईनात. क्लब विकलेल्या तिकिटांचा आकडा सांगायचा आणि टीव्हीवर लाल खुर्च्या दिसायच्या. ज्या स्टेडियमसाठी त्यानं स्वतःची सगळ्यात चांगली वर्षं गहाण टाकली, तेच ओस. २० एप्रिलला त्यानं सीझन संपल्यावर जाणार म्हणून जाहीर केलं.

६ मे २०१८. बर्नलीविरुद्ध घरची शेवटची मॅच, ५-०. मी एकटाच बघत होतो. मॅच संपल्यावर तो मैदानाला चक्कर मारताना स्टँडजवळ गेला आणि एका लहान पोराला गळ्यातला टाय काढून देऊन आला. मी डीपी बदलला. दोस्ताला फोन लावला, तीन महिन्यांचा अबोला मिटूनही एव्हाना वर्ष होत आलं होतं. तो म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग?" मग काय, दोघंही गप्प. फोन चालूच.

भाच्याला यातलं १९९९ सालचं एक आवडलं. शेफील्ड युनायटेडविरुद्ध एफए कपची मॅच. त्यांच्या गोलकीपरनं जखमी खेळाडूसाठी बॉल बाहेर मारला. थ्रो-इनवर बॉल त्यांना परत द्यायचा, हा शिरस्ता. पहिलीच मॅच खेळणाऱ्या कानूला ते उमगलं नाही, तो बॉल घेऊन पळाला आणि ओव्हरमार्सनं गोल केला. २-१. नियमात बसणारा गोल. पण हे जिंकणं आम्हाला नको, पुन्हा खेळू, असं वेंगरनं स्वतःहून सांगितलं. दहा दिवसांनी पुन्हा खेळले, पुन्हा २-१ नंच जिंकले. भाचा म्हणाला, "येडा हुता व्हय?" पण म्हणताना डोळे चमकत होते.

क्लब सोडल्यावर साडेचार वर्षं वेंगर एमिरेट्सवर फिरकलाच नाही. आला तो त्या २६ डिसेंबरला, ज्याचे हायलाइट्स आम्ही बघत होतो. त्याच्या पुढच्या नोव्हेंबरात तर भारतातही येऊन गेला, भुवनेश्वरला, फिफाच्या अकादमीच्या उद्घाटनाला. त्याच दिवशी तिथंच कलिंगा स्टेडियमवर आपण कतारकडून ०-३ हरलो. कोल्हापूर ते भुवनेश्वर रेल्वेचा वेळ मी काढून बघितला होता. बायकोनं मोबाइल हातातून घेतला.

२०२३ पासून एमिरेट्सबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. दोन्ही हात वर, हातात प्रीमियर लीगचा करंडक. म्हणजे पहिल्या तुकड्यातला वेंगर, सगळ्यांना सोयीचा. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, तो लांबलचक, पोटऱ्यांपर्यंत येणारा कोट घाला अंगात. पावसात उभा, मान खाली, दोन्ही हातांनी चेन लावायची खटपट चाललीये, असा करा. बारा वर्षं आम्ही खरं तर तेच बघत होतो.

भाच्यानं विचारलं, "चेन लागलेली दाखवायची का न लागलेली?"

म्हटलं, अर्धी.