‘पिग्मी बंद करा, पाचशेत ट्रेडिंग करा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘५०० रुपयांत ट्रेडिंग सुरू करा. ब्रोकरेज शून्य, खर्च शून्य, रोज २०० रुपये सुटतात. पिग्मी बंद करून तेच पैसे इकडं वळवा.’ खाली ॲपची लिंक. (पिग्मी म्हणजे एजंट रोज येऊन गोळा करतो ती छोटी ठेव.) बेळगावात आमच्या गल्लीतली पोरंही तो पुढं ढकलतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ब्रोकरेज, म्हणजे ब्रोकरचं कमिशन, शून्य असू शकतं, खर्च नाही. ५०० चा एक शेअर घेतला आणि चार दिवसांनी ५१० ला विकला असं धरा. घेताना आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर), म्हणजे रुपया-दोन रुपये. शिवाय डिमॅटमधून, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यातून, शेअर बाहेर पडताना डीपी चार्ज. तो बहुतेक ब्रोकरांकडं १५-२० रुपयांच्या घरात, वर १८ टक्के जीएसटी. शेअर एक विका नाहीतर शंभर, चार्ज तेवढाच. मिळाले दहा, गेले वीसच्या आसपास. भाव वाढूनही तोटा! लाखाचा सौदा करणाऱ्याला हे जाणवतही नाही, पाचशेवाला मात्र यातच मरतो.

‘मग त्याच दिवशी विका, डीपी चार्ज लागत नाही,’ असं लगेच सांगतात. खरं आहे, लागत नाही. पण ५०० वर रोज २०० म्हणजे रोज ४० टक्के. इंट्राडेला, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकायला, ब्रोकर फार तर पाचपट सौदा करू देतो. २,५०० च्या सौद्यातून २०० काढायचे तर शेअर रोज ८ टक्के तुमच्याच बाजूनं हलायला हवा. सेन्सेक्स-निफ्टीसारखा निर्देशांक १० टक्के हलला तर अख्खा बाजार थांबवतात, यावरून काय ते समजा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या पाहणीत २०२२-२३ मध्ये शेअरमध्ये इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झाला. फ्युचर्स-ऑप्शनमध्ये (पुढच्या भावावर लावलेले सौदे) तर २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शंभरातल्या ९३ जणांना.

पिग्मीचं व्याज कमी, मान्य. पण तो पैसा पोराच्या फीला, दवाखान्याला, दुकानात माल भरायला लागतो. तो बाजारात घालायचा नाहीच. तपासायचंच तर पिग्मी कुठं आहे ते तपासा. बँकेत, अगदी सहकारी बँकेतसुद्धा, ५ लाखांपर्यंत ठेवविमा आहे. क्रेडिट सोसायटीत तो नाही.

५०० पासून सुरुवात होते, एवढं मात्र खरं. इंडेक्स फंडाच्या (निर्देशांकातलेच शेअर घेणारा म्युच्युअल फंड) डायरेक्ट प्लॅनमध्ये एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता, लावा. डिमॅट लागत नाही, म्हणून डीपी चार्ज नाही. एजंटाचं कमिशनही नाही. वर-खाली होणारच, तेव्हा पाच-सात वर्षं लागणार नाहीत असेच पैसे घाला. शेअरच हवे असतील तर बीएसडीए प्रकारचं (छोट्या गुंतवणूकदारांसाठीचं) डिमॅट मागा, ४ लाखांपर्यंतच्या शेअरना त्यात वार्षिक शुल्क नाही.

आता ती लिंक. ब्रोकरचं नाव आणि नोंदणी क्रमांक सेबीच्या साइटवर सापडत नसेल, किंवा कुणाच्या खासगी खात्यावर पैसे टाकायला सांगत असतील, तर एक रुपयाही पाठवू नका. पाठवून बसला असाल तर आजच्या आज १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.