‘जास्त समजून घेतलं की पोर स्वार्थी होतं’ म्हणे! एकेक मुद्दा बघूया

सध्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा, की आजच्या आया पोराने जरा कुरकुर केली की धावतात, त्याच्या भावना जपत बसतात, म्हणून तीन-चार वर्षांची मुलं स्वार्थी झालीत, कुणाला खेळणं देत नाहीत, तर रडू द्या, जास्त समजून घेऊ नका, शेअर केलं तर चॉकलेट द्या, आणि तरी मूल नाही सुधारलं तर आईचे संस्कारच कमी पडले. मी बालवाडीत शिकवते, आणि हे वाचून आया खरंच येऊन विचारतात की ताई आमचं चुकतंय का, म्हणून लिहितेय.

पहिलं, "रडलं की उचललं तर सवय लागते, आपल्या आज्या असं करत नव्हत्या." कुठल्या आज्या? आपल्याकडे बाळ रडलं की आई नाही तर आत्या, नाही तर मोठी बहीण, कुणीतरी कडेवर घ्यायचंच. मुलांना जवळ घेऊ नका, पापे घेऊ नका, सकाळी हात मिळवा हा सल्ला 1928 मध्ये अमेरिकेतल्या जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने दिला होता, तो आजीच्या बटव्यातला नाहीच. पुढे सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ या संशोधकांनी अमेरिकेतल्याच बाल्टिमोरमधल्या 26 बाळांना घरी जाऊन वर्षभर बघितलं, तर ज्यांच्या रडण्याला लवकर प्रतिसाद मिळाला ती वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. अभ्यास छोटा आहे, त्यावर वादही झालेत, पण धावून गेल्याने बाळ रडकं झालं असं काही त्यात दिसलं नाही.

दुसरा मुद्दा सगळ्यात जास्त खटकला, कारण त्यात समजून घेणं आणि लाड करणं एकच धरलंय. एन्सवर्थ ज्याला आईची संवेदनशीलता म्हणतात त्यात मुलाला काय होतंय ते टिपणं, बरोबर ओळखणं आणि वेळेवर, साजेसं वागणं येतं, मागेल ते हातात देणं नाही. दुकानात गाडीसाठी लोळण घेतली तर "तुला हवी होती ना, वाईट वाटलं, पण आज घ्यायची नाही" म्हणून त्याच्याजवळ बसायचं, गाडी नाही म्हणजे नाहीच. आणि मूल चावलं, ढकललं तर? 1979 मध्ये झान-वॅक्सलर आणि सहकाऱ्यांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास छापला, त्यात ज्या आया मनापासून, ठामपणे सांगायच्या की बघ तिला लागलं, ती रडतेय, त्यांची मुलं नंतर जास्त वेळा जवळ जाऊन गोंजारायची, भरपाई करायची. नुसतं "नाही म्हटलं ना" असं दटावून ते होताना दिसलं नाही. वर्गातही हेच बघते, कुणी पडलं की काही पोरं लगेच स्वतःची पाण्याची बाटली घेऊन जातात, हे कुणी पाठ करून घेतलेलं नसतं.

चॉकलेटचं तर अगदीच उलट आहे. वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांच्या 2008 च्या प्रयोगात 20 महिन्यांच्या मुलांना मदत केल्यावर बक्षीस दिलं, मग बक्षीस बंद केलं तर ती बाकीच्यांपेक्षा कमी मदत करायला लागली. नुसतं शाब्बास म्हटलेली मुलं करत राहिली. म्हणजे जे आपसूक येत होतं तेच आपण चॉकलेटने घालवायचं!

शेवटचा, संस्कारांचा टोमणा. अमेरिकेत 1991 मध्ये सुरू झालेल्या, हजाराहून जास्त मुलांच्या एका मोठ्या पाहणीची माहिती वापरून 2014 मध्ये एक पेपर आला, त्यात हे नातं दोन्हीकडून चालतं असं दिसलं, आई संवेदनशील तर मूल पुढे जास्त प्रेमळ, आणि मूल प्रेमळ तर आईलाही तसं वागणं सोपं जातं. म्हणजे स्वभावतः चिडक्या मुलाची आई रोज दुप्पट कष्ट करत असते आणि आपण तिलाच बोलतो. त्या अख्ख्या मेसेजमध्ये बाबांचं नाव एकदाही नाही, ते का नाही हे ज्यांनी फॉरवर्ड केलंय त्यांनी सांगावं.