‘आळशी मेकॅनिकचा सल्ला’? : नॉकिंगच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. हाय कॉम्प्रेशनचं (पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त दाबणारं) जुनं इंजिन टकटक करत असेल, म्हणजे नॉकिंग होत असेल, तर आधी टायमिंग (प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते ते) तपासा, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘हा आळशी मेकॅनिकचा सल्ला. जाड हेड गॅस्केट टाका, कॉम्प्रेशन उतरवा, विषय संपला.’ मतभेद असू द्या, पण आळशी कशावरून? टायमिंग नीट लावायला अख्खी दुपार जाते. ज्याने ते स्वतः लावलंय त्याच्या तोंडी हा शब्द येणार नाही. वीस वर्षं याच कामात हात काळे केलेत, म्हणून लागलं, आणि म्हणूनच सविस्तर लिहितोय.

आधी माझी चूक. प्लगचा आकडा मोठा म्हणजे प्लग थंड (उष्णता लवकर सोडणारा), असं मी सरसकट लिहिलं. ते एनजीके कंपनीच्या प्लगांना लागू आहे, चॅम्पियनचं उलटं असतं. लेखात दुरुस्त केलंय.

आता तुमचं गॅस्केट, म्हणजे हेड (सिलिंडरचं झाकण) आणि ब्लॉक यांच्यामधलं सील. 100 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 89 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे सिलिंडरला 699 सीसी. कॉम्प्रेशन 10.5 धरा, म्हणजे मिश्रण 10.5 पट दाबलं जातं. गॅस्केट अर्धा मिमी जाड केलं की चेंबरमध्ये (पिस्टनच्या वरच्या, मिश्रण जळण्याच्या जागेत) जेमतेम 4 सीसी जागा वाढते आणि कॉम्प्रेशन 10 च्या आसपास येतं. कमाई एवढीच.

गमावता काय ते बघा. वेज (पाचरीसारख्या) चेंबरच्या हेडमध्ये पिस्टन वर आला की त्याचा सपाट भाग हेडच्या सपाट भागाला जवळजवळ टेकतो. मधली फट 1 मिमीच्या आसपास असेल तर तिथलं मिश्रण प्लगकडे जोरात फेकलं जातं, घुसळतं, आणि ज्वाळा झपाट्याने पसरते. फटीत उरलेला पातळ थर दोन्ही बाजूंच्या धातूमुळे थंड राहतो. नॉकिंग म्हणजे ज्वाळा पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपसूक पेटणं. फट 1 वरून 1.5 मिमी केलीत की घुसळण मंदावते, कोपऱ्यातलं मिश्रण जास्त वेळ तापत राहतं. कॉम्प्रेशन उतरवूनही टकटक तशीच राहते ती यामुळे, कधीकधी वाढतेसुद्धा. अर्धगोल चेंबरमध्ये अशी सपाट पट्टी जवळपास नसतेच, तिथे तुमचा उपाय चालेल. पण तुम्ही तो सगळ्यांनाच सांगताय. उतरवायचंच असेल तर खोलगट पिस्टन घ्या, ज्याची सपाट बाजू हेडच्या पट्टीखालीच येते.

‘कंपनीचं टायमिंग आहे, त्याला हात कशाला लावायचा?’ हेही तुमचंच वाक्य. टेट्राइथाइल लेड (शिशाचं संयुग) नॉकिंग रोखतं हे 1921 मध्ये टॉमस मिजली यांना सापडलं, आणि साठच्या दशकातली ही इंजिनं लेडवाल्या पेट्रोलवर आखलेली आहेत. आता लेड गेलं, पेट्रोल बदललं, मग जुना आकडा जसाच्या तसा कसा चालेल?

शिवाय पुलीवरची टायमिंगची खूण खरी आहे हे कशावरून? डॅम्परची (क्रँकच्या टोकावरच्या त्याच पुलीची) बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते. रबर म्हातारं झालं की कडी सरकते आणि खूण खोटी पडते. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा दांडा) लावा. क्रँक हाताने, हळूच, दोन्ही दिशांना अडेपर्यंत फिरवा आणि दोन खुणा करा. त्यांच्या मधोमध खरा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा). मग डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) व्हॅक्युमची नळी काढून तिचं टोक बंद करा आणि आरपीएम वाढवत न्या. ॲडव्हान्स (ठिणगी टीडीसीच्या किती अंश आधी पडते ते) वाढायचा थांबेल तिथला आकडा टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याने) घ्या. जुन्या अमेरिकन व्ही-8 मध्ये तो बहुधा 34 ते 36 अंश असतो. तिथून 2-2 अंश मागे या. अती मागे नेलंत तर एक्झॉस्ट आणि इंजिन दोन्ही तापतात, म्हणून प्रत्येक पायरीला गाडी चालवून बघायची.

टकटक कधी होते तेही ऐका. कमी आरपीएमला, पूर्ण थ्रॉटलवर होत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या वजनांच्या स्प्रिंगा मऊ असतील, ॲडव्हान्स लवकर येतो. सपाट रस्त्यावर हलक्या थ्रॉटलला होत असेल तर त्या नळीला जोडलेला व्हॅक्युमचा डबा ॲडव्हान्स जास्त ओढतोय, त्याला 10 अंशांच्या आसपास रोखा. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तेव्हा गाडी लगेच थांबवा.

ऑक्टेन बूस्टरचा (पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची ताकद वाढवणाऱ्या बाटलीचा) उल्लेख नाही म्हणालात. बाटलीवरचे 10 पॉइंट म्हणजे सहसा 1 ऑक्टेन. थर्मोस्टॅट आणि कार्बनचे मुद्दे लेखात आहेत, पुन्हा वाचा.

तुमचं इंजिन कुठलं ते तुम्ही लिहिलंच नाहीत. चेंबरचा आकार आणि पिस्टन सर्वांत वर असताना डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाच्या) किती खाली आहे एवढं मोजून कळवा. आणि व्हॅक्युमची नळी काढल्यावर टकटक थांबते का, तेही.